खाली सोलिंग कशाचं?

ही गोष्ट मी वर्षभर कुणालाच सांगितली नव्हती, म्हणून आधी ती लिहितो, प्रवासाचं मग. दोन हजार वीसच्या जूनमध्ये, साथीमुळे अडकलेल्यांना घेऊन, डब्लिनहून भारतात एक खास विमान गेलं. त्यात माझी जागा होती. मी ती सोडली, आणि थोरल्या बहिणीला फोनवर सांगितलं, "विमानं बंद आहेत, ताई."

बाबा तेव्हा अंथरुणावर होते. मे महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि मग उठलेच नाहीत. विमान गेल्यानंतर बाराव्या दिवशी ते गेले. अग्नी ताईनं दिला, दहावा-तेरावाही तिनंच केला. आणि वर समजूत काढायची ती माझीच. "तू तरी काय करणार, अवी. विमानंच नाहीत म्हटल्यावर." ऑफिसातले लोकही तेच म्हणाले. इथल्या मराठी मंडळींनी आलटून पालटून डबे पाठवले. वर्षभर सगळे माझ्याशी फार चांगले वागले, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

जागा का सोडली? परत येता आलं नसतं तर नोकरी गेली असती, कामाचं परमिट संपत आलं होतं, तिकडे उतरल्यावर आठवडाभर कुठल्याशा हॉटेलात कोंडून ठेवणार होते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही खरं कारण नाही. बाबांना तशा अवस्थेत बघायची मला भीती वाटत होती. त्यांना कुशीवर वळवायचं, त्यांचं सगळं करायचं, हे आपल्याला जमणार नाही असं वाटत होतं. विमानबंदीच्या बातम्या वाचून मला हायसं वाटायचं. हेही लिहून टाकतो.

आता विमानतळाचं. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. वऱ्हाडातल्या आमच्या जिल्ह्याच्या गावाबाहेर एक धावपट्टी आहे, तिच्या रुंदीकरणाचं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं. तिथे प्रवाशांचं विमान कधी आलं नाही. एखादा मंत्री आला की गवत कापायचं, एरवी सकाळी लोक फिरायला येत, शेळ्या येत, ज्वारीही वाळत घातलेली असे. मी सायकल तिथेच शिकलो. तरी बाबांना त्या पट्टीचा भारी अभिमान. "काळी माती आहे ही," सांगायचे. "उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. पण माझी पट्टी हलली नाही. का? कारण खालचं सोलिंग." डांबराखाली मोठ्या दगडांचं जे बूड घालतात, ते सोलिंग. आमच्या घरात हा शब्द मीठ-मसाल्यासारखा वापरात होता. माझ्या एका परीक्षेच्या निकालावर ते म्हणाले होते, "वरचं डांबर बरं आहे. सोलिंग कच्चं."

पडल्यानंतर एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांना बोलतं ठेवायला म्हणून मी इथल्या एका विमानतळाची गोष्ट सांगितली. देशाच्या पश्चिमेला, मेयो काउंटीत म्हणजे जिल्ह्यात, नॉक नावाचं खेडं आहे. तिथल्या पाद्रीबाबांनी चिखलाच्या टेकडीवर विमानतळ उभा केला. फोन ताईनं धरला होता. बाबांनी उशीवरून मान उचलली. "चिखलावर? खाली सोलिंग कशाचं?" मला माहीत नव्हतं. "बघून ये," म्हणाले. "विचारून मला सांग." मी म्हटलं, लॉकडाऊन उठला की जातो. तेव्हा आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची मुभा नव्हती.

मी गेलो तो पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये.

ओंगार ते शॅनन नदी

बाबा गेले तेव्हा मी डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागात एकटा राहत होतो. नंतर डब्लिनमध्येच ओंगारला श्रीकांतच्या घरातली वरची खोली घेतली. श्रीकांत अडतीसचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि न थांबता बोलतो. गाडी त्याची. त्याची बायको बाळाला घेऊन घरी थांबली आणि आमच्याबरोबर त्याची आई निघाली. त्यांना मी मावशी म्हणतो. मावशी यवतमाळकडच्या. बाळंतपणासाठी सहा महिने म्हणून आल्या होत्या, आता दीड वर्ष होत आलं होतं. नऊवारीवर निळं रेनकोट-जॅकेट, पायात सुनेचे पांढरे बूट, अशा त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि डबा मांडीवर घेतला.

"दादा, तीन तासांचा रस्ता आहे," श्रीकांत मला म्हणाला. "आईला गाणी लावायची सवय आहे. मी आधीच माफी मागतो."

"तुह्या गाडीतलं गाणं म्हणजे नुसतं ढुमढुम," मावशी म्हणाल्या. "त्यापरीस मीच म्हणतो."

आणि त्या खरंच म्हणत राहिल्या, जात्यावरच्या ओव्या, मोटारवे संपेपर्यंत. बाहेर पाऊस येत-जात होता. इथला पाऊस आपल्यासारखा ठरवून येत नाही. विसरलेलं काही घ्यायला आल्यासारखा येतो आणि दारातूनच परत जातो. हळूहळू शेतं लहान झाली, झाडं खुजी झाली आणि दोन्ही बाजूंना तपकिरी सपाट रान लागलं. हा बोग. हजारो वर्षांच्या कुजलेल्या शेवाळाचा थर, त्याच्या विटा कापून लोक अजून शेकोटीला जाळतात. कापलेल्या विटा वाळायला उभ्या करून ठेवल्या होत्या. मावशींना त्या आपल्याकडच्या गोवऱ्या वाटल्या. फारशी चूक नव्हती.

शॅनन नदीच्या पुलाजवळ थांबलो. हॉटेलांत आत बसून खायला तेव्हा बंदी होती, त्यामुळे साऱ्या देशालाच काठावर बसून डबे खायची सवय लागली होती. ओल्या बाकावर प्लॅस्टिक पसरून आम्ही धपाटे, ठेचा आणि दही काढलं. शेजारच्या बाकावरचं जोडपं आमच्याकडे बघत होतं. मावशींनी उठून त्यांना एकेक धपाटा नेऊन दिला. त्या बाईनं ठेच्यासकट घास घेतला, डोळे पुसले आणि "ग्रँड" म्हणाली. इथे सगळ्याला ग्रँड म्हणतात, रडू आलं तरी.

खाता खाता मावशींनी सहज विचारलं, "तुह्ये बाबा गेले तवा गेलता का तू गावाले?"

"नाही, मावशी. विमानं बंद होती ना."

इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य होतं, तोंडातून आपोआप आलं.

"जूनमंदी तं गेलं होतं ना एक," त्या म्हणाल्या. "श्रीकांतनं माहं नाव देलं होतं त्याच्यात. जागा नाई भेटली मले."

श्रीकांत म्हणाला, "आई, ते वेगळं असेल." मी दह्याच्या डब्याचं झाकण लावत बसलो. ते लागत नव्हतं. मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं, माझ्या हातून डबा घेतला, झाकण फिरवून बरोबर लावलं आणि पिशवीत ठेवला.  पुढच्या वाटेवर त्यांनी ओव्या म्हटल्या नाहीत. माझी रिकामी झालेली जागा कुणाला मिळाली हे मला आजही माहीत नाही. मावशींना नाही, एवढं त्या बाकावर कळलं.

टेकडी

मुक्काम नॉकजवळ एका बी अँड बीमध्ये, म्हणजे न्याहारीसकट खोली देणाऱ्या घरात होता. मालकीण नोरा, तिचा नवरा टॉम, दोघं सत्तरीच्या पुढचे. सकाळी नोरानं न्याहारी मांडली. मावशी शाकाहारी आहेत हे श्रीकांतनं फोनवर सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांच्या बशीत अंडं नव्हतं, सॉसेज नव्हतं. पण नोरा मधे एक सामाईक ताट ठेवून गेली, त्यात काळ्या गोल चकत्या होत्या.

"हे काय म्हणाली ती?" मावशींनी विचारलं.

"ब्लॅक पुडिंग," मी म्हटलं.

पुडिंग म्हणजे गोड, असं मावशी इथे येऊन शिकल्या होत्या. काटा उचलून त्यांनी एक चकती बशीत घेतली. श्रीकांतनं टेबलावरून झेप घालून ती बशी ओढली, चहा सांडला, माझी पँट भिजली.

"आई, रक्त आहे ते. डुकराचं."

मावशींनी काटा खाली ठेवला. "मंग पुडिंग काहून म्हणतेत?" त्या शांतपणे म्हणाल्या. "सरळ नाव घ्याव ना जे हाय ते."

त्या पुडिंगबद्दलच बोलत होत्या. मी मात्र माझी बशी बाजूला सारली.

टॉम हे सगळं दारातून बघत होता. तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. आम्ही कशासाठी आलो हे कळल्यावर त्यानं टोपी घातली. "मी होतो त्या कामावर," म्हणाला. "डिगर, खोदायचं यंत्र, चालवायचो. चला, दाखवतो."

टेकडीवर पोचलो तर समोर काही नाही. पांढरं धुकं, तारेचं कुंपण, आणि कुंपणाला लोकर अडकलेली. विमानतळाची इमारतही जवळ जाईपर्यंत दिसली नाही, आपल्याकडच्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडहून थोडी मोठी. साथीत कित्येक महिने ती शांतच होती, आता मोजकी विमानं पुन्हा येऊ लागली होती. टॉमनं आम्हाला एका शेतरस्त्यानं कुंपणाच्या टोकाला नेलं. पलीकडे धावपट्टी आहे, असं म्हणाला. विश्वास ठेवावा लागला.

तिथे उभं राहून त्यानं जे सांगितलं ते असं. एकोणिसाव्या शतकात नॉकच्या काही गावकऱ्यांना चर्चच्या भिंतीवर मेरीमाता दिसली, तेव्हापासून भाविक येतात. आजारी, म्हातारे, लांबून लांबून. त्यांच्यासाठी विमानतळ हवा, असं गावच्या पाद्रीबाबांच्या डोक्यात आलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घराघरातली तरुण माणसं इंग्लंडला गेलेली, मागे म्हातारे उरलेले. सरकारनं आधी हो म्हटलं, काम सुरू झालं, मग सरकार बदललं आणि नव्या सरकारनं हात आखडता घेतला. धुक्याच्या आणि चिखलाच्या टेकडीवर विमानतळ, म्हणून राजधानीत थट्टा चालायची. पाद्रीबाबांनी लॉटरीची तिकिटं विकली, परदेशात गेलेल्या मेयोच्या लोकांकडे हात पसरला, आणि पट्टी पुरी केली. पहिली विमानं भाविकांना घेऊन थेट रोमला गेली.

टॉम पाद्रीबाबांना दर वाक्यात 'युअर मॅन' म्हणत होता. इथे 'तो माणूस', 'तो अमका' म्हणायची ती रीत आहे, 'तुमचा'चा काही संबंध नसतो. पण श्रीकांत आईला भराभर मराठी करून सांगत होता, आणि घाईत तो सरळ म्हणत होता, "आपल्या माणसानं लॉटरी काढली. आपला माणूस रोमला गेला."

"आपला?" मावशींनी विचारलं. "हा पाद्री आपल्या तिकडचा होता का?"

"नाही गं आई, बोलायची पद्धत आहे."

"चांगली हाय पद्धत," मावशी म्हणाल्या.

मी टॉमला बाबांचा प्रश्न विचारला. वडिलांनी विचारायला सांगितलं होतं, ते असल्या पट्ट्या बांधायचे, म्हटलं. खाली काय घातलंत?

त्याला प्रश्न इतका आवडला की त्यानं काठीनं जमिनीवर आडवा छेदच काढला. "वर काही घालून भागत नाही. बोगवर जे घालाल ते बोग गिळतो. आधी तो काढायचा. आम्ही काढत गेलो, काढत गेलो. रोज वाटायचं आज तळ लागेल. माझा डिगर दोनदा रुतला. शेवटी कडक लागलं. मग टेकडीचाच खडक फोडला आणि त्याच खड्ड्यात भरला. बाहेरून आणायची गरज काय, दगड टेकडीच्याच पोटात होता." त्यानं काठी टेकली. "तुझ्या वडिलांना सांग, खाली टेकडीच आहे."

मी म्हटलं, "सांगतो." दुसरं काय म्हणणार.

मग टॉमनं शेवट सांगितला. विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनी पाद्रीबाबा यात्रेला फ्रान्सला गेले होते, तिथेच वारले. त्यांना इथे आणलं ते विमानानं, याच पट्टीवर. टॉमनं टोपी काढून पुन्हा घातली. "युअर मॅन वॉज होम," म्हणाला.

 श्रीकांत नुसतं म्हणाला, "आई, आपला माणूस घरी आला."

धुकं तेव्हा विरायला लागलं होतं. आधी पट्टीची पांढरी रेघ दिसली, मग डांबर, मग लांबवर दुसरं टोक. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फडफडत होता. एवढ्या उंचीवर एवढी सपाट, एवढी लांब पट्टी बघून मी चक्क मनात म्हटलं, बाबा, हललेली नाही. मोबाइलवर फोटो काढला आणि बाबा आता नाहीत हे आठवेपर्यंत बोट यादीत त्यांच्या नावावर गेलंही होतं.

नळांचं गाव

टॉमला घरी सोडून आम्ही नॉक गावात गेलो. तिथे तीर्थाचे नळ आहेत. रांगेनं नळ, आणि समोरच्या दुकानांतून मेरीमातेच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, निळं झाकण म्हणजे तिचा मुकुट. मावशींनी अशा चार घेतल्या. "आपल्याकडं गंगा गडूत, इथं बाटलीत," म्हणाल्या. श्रीकांत गाडी हलवायला गेला. मी मावशींच्या बाटल्या धरून उभा राहिलो. दुसरी बाटली भरत असताना मी म्हटलं, "मावशी, त्या जूनच्या विमानात माझी जागा होती. मीच सोडली."

त्यांनी नळ बंद केला नाही. बाटली भरली, झाकण लावलं, तिसरी लावली.

"भेलता?" त्यांनी विचारलं.

"हो. घाबरलो."

"मले कालच समजलं," त्या म्हणाल्या. "झाकण लागत नव्हतं तुले." मग थोड्या वेळानं, "माह्याकडं काय पाहातं. मी काय तुही बहीण हाय? तिले फोन लाव."

"आत्ता?"

"मंग काय मुहूर्त पाहातं?"

दुपारचा एक वाजला होता, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेपाच. चर्चच्या मोकळ्या पटांगणात एका बाकावर बसलो आणि व्हिडिओ कॉल लावला. ताई ओट्याशी होती, मागे कुकर दिसत होता. मी आधी पट्टीचा फोटो पाठवला, मग म्हटलं, ताई, गॅस बंद कर. आणि सांगितलं. ओळीनं, काही न गाळता. मिळालेली जागा, ती सोडल्याचा ई-मेल, विमान गेलं ती तारीख.

 कुकरची शिट्टी झाली. गॅस तिनं बंद केलाच नव्हता.

"तुला कावळ्याचं सांगितलंच नाही मी," ती शेवटी म्हणाली. "वाईट वाटेल म्हणून." आणि तिनं सांगितलं. दहाव्याला घाटावर चौघंच होते, तेवढीच परवानगी होती. पिंड ठेवला, कावळा शिवेना. तासभर झाडावर बसून नुसता बघत होता. मग आपल्याकडे करतात तसं ताई हात जोडून एकेक शब्द देत गेली. घर विकणार नाही, बाबा. तुमची पुस्तकं वाचनालयाला देईन. शेवग्याला पाणी घालीन. कावळा हलेना. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून टाकू.

"तेव्हा मी म्हटलं, बाबा, विमानं सुरू झाली की अवी येईल. याच घाटावर आणते त्याला. बोलले आणि लगेच आला, अवी. माझे हात खाली यायच्या आत."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"तू मला फसवलंस ते मी बघून घेईन," तिचा आवाज चढला. "पण तुझ्यामुळे मी कावळ्याला फसवलं. विमानं सुरू झाली की म्हणे. सुरूच होती की रे. मी बावळटासारखी सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरले, बिचारा अवी, बिचारा अवी. अरे, भीती वाटते म्हणायचं होतंस. मला काय वाटत नव्हती? मी रोज न्हाणीघरात जाऊन रडत होते. दोघं मिळून घाबरलो असतो."

असं ती पाचेक मिनिटं बोलली. लहानपणी मी तिची कंपासपेटी हरवली होती तेव्हा बोलली होती, तशी. मधेच तिनं मला गधडा म्हटलं. मी ऐकत होतो, आणि काय सांगू, छातीवरचं काहीतरी एकेक करून उतरत होतं. वर्षभरानं कुणीतरी मला रागावलं होतं, आणि रागवायला हवं तेच माणूस रागावलं होतं. समोर मावशी बाटल्या पुसत, न ऐकल्यासारखं करत उभ्या होत्या.

मग ताई थांबली. नाक शिंकरलं. फोटो मोठा करून बघत असावी.

"बरीच लांब आहे," म्हणाली. "विचारलंस का? खाली सोलिंग कशाचं?"

"टेकडीचंच. सगळा चिखल काढला, कडक लागेपर्यंत. मग टेकडीचाच दगड फोडून भरला."

"बाबा म्हणाले असते, मग अजून शंभर वर्षं बघायला नको."

"हो. आणि मग म्हणाले असते, आमच्या वेळी एवढी यंत्रं नव्हती."

ती हसली. एवढंसंच, पण हसली. "कुकर बघते," म्हणाली आणि फोन ठेवला.

श्रीकांत तीन आइस्क्रीमचे कोन घेऊन आला, त्यांत चॉकलेटची कांडी खोचलेली असते. मला भूक लागल्याचं तेव्हा कळलं. माझा संपला, मग मावशींनी त्यांचाही दिला, थंडीनं दात ठणकतात म्हणून. परतीच्या वाटेवर त्या पुन्हा ओव्या म्हणू लागल्या, आणि मी मागच्या सीटवर, चार मेरीमातांच्या बाटल्यांना टेकून, ओंगार येईपर्यंत गाढ झोपलो.

मावशी सप्टेंबरात भारतात परतल्या. मला नवं परमिट मिळालं आहे, रजाही शिल्लक आहे, आणि विमानं सुरू आहेत, फेऱ्याची असली तरी. ताई आता दर रविवारी फोन करते आणि माझ्या येण्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. शब्द तिनं दिला होता, पण माझ्या नावानं. त्या घाटावर जाऊन उभं राहणं माझ्याकडे बाकी आहे. मी अजून गेलेलो नाही.